रुजू होईपर्यंत

सॉफ्टवेअर अभियांत्रिकी विभागाच्या दारावरची पाटी सहा वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून लागली होती. साधा छापलेला कागद आणि चार कोपऱ्यांना चिकटपट्टी: 'प्रभारी विभागप्रमुख'. पुढे चिकटपट्टी पिवळी पडली, मग कोणीतरी कागदावर प्लॅस्टिक चढवले, आणि गेल्या वर्षी देखभाल विभागाने आपण होऊन तीच अक्षरे पितळेत कोरून आणली. तात्पुरत्या गोष्टीसाठी इतका टिकाऊ धातू वापरल्याबद्दल प्रभारींनी दोन पानांची हरकत नोंदवली. देखभाल विभागाने तिला उत्तर दिले नाही. पाटीला मात्र दर महिन्याला पॉलिश करण्याचा आदेश काढला.

एव्हाना विद्यापीठात सगळेच त्यांना 'प्रभारी' म्हणत. विद्यार्थी म्हणत, शिपाई म्हणत, आणि रागावलेली असली म्हणजे दूरच्या गावाहून फोनवर त्यांची बायकोही म्हणे.

या अवस्थेचा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याची सोय नव्हती, आणि तेच त्यांना सर्वांत जास्त खुपत असे. आधीचे विभागप्रमुख निवृत्त झाले तेव्हा कुलसचिवांच्या कार्यालयातून एक ओळीचे हमीपत्र सहीला आले होते: 'मी सहा महिन्यांकरिता विभागाचा प्रभार स्वीकारत आहे.' दुसऱ्या कोणी डोळे मिटून सही केली असती. प्रभारींना ते वाक्य ढिसाळ वाटले. सहाच महिने कशावरून? नेमणूक चार महिन्यांत झाली तर उरलेले दोन महिने विभागाला दोन प्रमुख राहणार काय? अवधी घटनेने ठरावा, दिनदर्शिकेने नव्हे, असा युक्तिवाद करून त्यांनी स्वतःच्या हाताने दुरुस्ती केली: 'नियमित प्राध्यापक नियुक्त होऊन रुजू होईपर्यंत'. आयुष्यात त्यांनी सुचवलेल्या शेकडो दुरुस्त्यांपैकी, कोणी एकही शब्द न बोलता मान्य झालेली ही एकमेव. संशय तेव्हाच यायला हवा होता.

त्यानंतर भरतीच्या चार फेऱ्या झाल्या, आणि चारही इतिवृत्तांच्या शेवटी एकच वाक्य उमटले: योग्य उमेदवार उपलब्ध झाला नाही. जाहिरातीची अटही प्रभारींनीच लिहिली होती. किमान आठ वर्षांचा अनुभव हवा. त्यातली निदान तीन वर्षे प्रत्यक्ष वापरातले सॉफ्टवेअर बांधण्याची, उरलेली अध्यापनाची, आणि सोबत संशोधन. ज्याने कधी पूल बांधला नाही त्याने पूल बांधायला शिकवू नये, हे त्यांचे ठाम मत होते. ज्यांच्याकडे संशोधन असे त्यांनी कोणाच्या उपयोगाची एक ओळ लिहिलेली नसे. ज्यांनी लिहिलेली असे त्यांना शिकवण्याचा गंध नसे. आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे असे अर्जावरून वाटे, त्यांचा अनुभव मोजणीत कमी भरे.

ही मोजणी पूर्वी आस्थापना विभागातले म्हातारे लिपिक, भाऊसाहेब, कागद-पेन्सिलीने करत. प्रभारींनी पहिल्याच वर्षी ती त्यांच्याकडून काढून घेतली आणि स्वतः एक प्रोग्राम लिहिला. उमेदवाराने नोकऱ्यांच्या तारखा भरायच्या. प्रोग्राम दिवसांची बेरीज करून पात्र की अपात्र ते सांगणार. प्रोग्राम बिनचूक ठरावा म्हणून त्यांनी दोनशे काल्पनिक उमेदवारांचे अर्ज तयार करून तपासून पाहिले होते. भाऊसाहेब एवढेच म्हणाले होते, "हाताने मोजलेलं चुकलं तर निदान हात कोणाचा ते तरी कळतं, सर."

पाचव्या फेरीचा दिवस मंगळवार होता. या फेरीवर काय अवलंबून आहे ते प्रभारींच्या खिशात घडी घालून ठेवलेले होते. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको एका लहानशा कॉलेजात ग्रंथपाल म्हणून गेली, येथून पुऱ्या दिवसभराच्या प्रवासावर. त्याच कॉलेजाने प्रभारींना बोलावले होते: शिकवण्याचे काम, एक छोटी प्रयोगशाळा, दोन संशोधक विद्यार्थी, आणि बायकोच्या शब्दांत, खिडकीशी एक टेबल. दोन वर्षे कॉलेजाने ती जागा राखून ठेवली. आता प्राचार्यांचे शेवटचे पत्र आले होते: सत्राच्या पहिल्या दिवशी रुजू व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलवावे लागेल. सत्राला तीन आठवडे उरले होते. राजीनामा देऊन निघून जावे, तर हमीपत्राचा भंग होऊन सेवेचा दाखला अडणार, आणि दाखल्यावाचून ते कॉलेजही त्यांना घेऊ शकत नव्हते. सगळ्या दारांची कडी एकच होती, आणि ती त्यांनीच घडवलेली होती.

निवड समितीच्या खोलीत एक लांब टेबल, आठ खुर्च्या आणि बंद न होणारा एक पंखा होता. टेबलाच्या डोक्याशी कुलसचिव मॅडम, शेजारी बाहेरून आलेले तज्ज्ञ, समोर प्रभारी, आणि शेवटच्या टोकाला इतिवृत्त लिहायला भाऊसाहेब. एकेचाळीस अर्जांपैकी पाच जणांना प्रोग्रामने पात्र ठरवले होते.

पहिल्याने सॉफ्टवेअर अभियांत्रिकी म्हणजे काय याची व्याख्या वीस मिनिटे सांगितली आणि वेळ संपल्याने ती अपुरी राहिल्याची खंत व्यक्त केली. दुसऱ्याच्या नावावर नव्वद शोधनिबंध होते. पडद्यावर कोड आल्यावर ते वाचणे सक्तीचे आहे का, असे त्याने विचारले. तिसरा हुशार होता, पण पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवण्याची कल्पना त्याला आपला अपमान वाटली. चौथा आलाच नाही. "चौघांत हाच मला बरा वाटला," तज्ज्ञ मॅडमच्या कानाशी कुजबुजले.

पाचवी उमेदवार चाळिशीची बाई होती. नऊ वर्षे तिने दवाखान्यांत रुग्णांच्या वेळा लावणारे सॉफ्टवेअर बांधले होते, मग अध्यापन, आणि शिकवता शिकवताच डॉक्टरेट. सकाळी तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर तिचे नमुना व्याख्यान झाले. प्रभारी मागच्या बाकाशी उभे होते. एरवी तासभर मोबाइलमध्ये बुडून राहणाऱ्या एका विद्यार्थ्याने मोबाइल पालथा ठेवून प्रश्न विचारला, तो चुकीचा होता, आणि तिने त्या चुकीच्या प्रश्नावरच उरलेला तास उभा केला. प्रभारींच्या मनात त्याच क्षणी खिडकीशी असलेले ते टेबल उमटले. त्यांनी ते शिस्तीने बाजूला सारले.

आता कोड वाचण्याची परीक्षा. ही पद्धत प्रभारींचीच. उमेदवाराला चाळीसएक ओळींचा प्रोग्राम दाखवायचा, त्यात मुद्दाम एक दोष पेरलेला असायचा, आणि त्याने बारा मिनिटांत तो मोठ्याने वाचत शोधायचा. यंदा जुने नमुने उमेदवारांमध्ये फुटल्याची कुणकुण लागली, म्हणून प्रभारींनी आदल्या दिवशी घाईने नवा नमुना तयार केला. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच मोजणीच्या प्रोग्रामचा एक तुकडा उचलला. पेरलेल्या दोषाखेरीज ज्यात दुसरा दोष नाही असा खात्रीचा कोड त्यांना दुसरा ठाऊक नव्हता. फक्त नावे बदलली: नोकऱ्यांच्या जागी अतिथिगृहातल्या खोल्या, उमेदवाराच्या जागी पाहुणा, अनुभवाच्या जागी मुक्काम. मूळ कोडात लीप वर्षाचा हिशेब चोख होता. तो त्यांनी काढून टाकला. हा पेरलेला दोष.

बाई चष्मा लावून पडद्याजवळ गेल्या. मिनिटभरात म्हणाल्या, "फेब्रुवारी कायम अठ्ठावीसचाच धरलाय. हे बहुतेक तुम्ही मुद्दाम ठेवलंय, फारच ठळक आहे."

तज्ज्ञ हसले. प्रभारींनी पूर्ण गुण लिहिले.

"पण खालचं जास्त वाईट आहे," त्या पुढे म्हणाल्या. "ही अट बघा. दुसरा मुक्काम पहिला संपायच्या आत, किंवा त्याच दिवशी सुरू झाला, तर तो दुबार समजायचा. इथवर ठीक. पण मग दुबार झालेला दिवस तेवढा वगळायला हवा ना? हा तर अख्खा मुक्कामच वगळतोय. म्हणजे एखाद्यानं सकाळी एक खोली सोडली आणि दुपारी दुसरीत गेला, तर दुसऱ्या खोलीत तो पाच वर्षं राहिला तरी राहिलाच नाही."

"पाच वर्षं राहतो तो पाहुणा कसला? जावई म्हणा," तज्ज्ञ म्हणाले.

सगळे हसले. प्रभारींच्या हातातली पेन्सिल गुणपत्रिकेवर टेकलेली होती, ती तिथेच राहिली.

"हे कुठं चालू आहे का?" बाईंनी विचारले.

"छे, सरावाचा नमुना आहे तो," तज्ज्ञांनीच उत्तर दिले.

"मग ठीक. चालू असेल तर बरीच माणसं बाहेर उभी असतील."

प्रभारी पडद्याकडे पाहत होते. आपले दोनशे काल्पनिक उमेदवार त्यांना एकेक करून आठवत होते. ते सगळेच्या सगळे एकतीस तारखेला जुनी नोकरी सोडून एक तारखेला नवीन नोकरीवर रुजू होत असत. एकानेही कधी ज्या दिवशी सोडली त्याच दिवशी धरली नव्हती; एकाही माणसाने दिवसा कंपनीत काम करून संध्याकाळी कॉलेजात शिकवले नव्हते. प्रभारींच्या कल्पनेतली माणसे त्यांच्यासारखीच नीटनेटकी होती. आणि या विषयात हवीत ती माणसे, कंपनीत राबून वर्गावर येणारी, नेमकी तशी नसतात.

निवडीला पाच मिनिटेही लागली नाहीत. पाचव्या उमेदवाराबद्दल दुमत नव्हते. मॅडमनी सांगितले की नियुक्तीचा आदेश गुरुवारी निघेल, बाई सोमवारी रुजू होतील, आणि प्रभारींनी आता सामान बांधायला हरकत नाही. सहा वर्षांत मॅडम त्यांच्याकडे पाहून हसल्या अशी ही दुसरी वेळ असावी. प्रभारींनी सहीसाठी पुढे आलेला कागद हाताखाली सरकवला आणि अर्ध्या तासाची मुदत मागितली.

अभिलेख कक्षात जुन्या फेऱ्यांचे अर्ज लोखंडी कपाटांत रचलेले होते. प्रभारींनी भाऊसाहेबांना कारण सांगितले, ते एका वाक्यात, आणि त्या वाक्यात त्यांना नेहमी सापडणारी एकही पोटअट सापडली नाही. भाऊसाहेबांनी 'मी म्हणालो होतो' असे म्हटले नाही. त्यांनी पेन्सिलीला टोक काढले.

अपात्र ठरवलेल्या अर्जांतल्या तारखा ते हाताने मोजत गेले. चार फेऱ्यांत मिळून सात माणसे निघाली, पात्र असून दाराबाहेर ठेवलेली. दुसऱ्या फेरीतल्या एकाचा अर्ज भाऊसाहेबांनी वेगळा काढून समोर धरला. एकतीस तारखेला दुपारी कंपनी सोडली, त्याच एकतीस तारखेला कॉलेजात हजर. "माणूस एक दिवस रिकामा बसला नाही," ते म्हणाले, "म्हणून त्याची शिकवण्याची सहा वर्षं गेली."

त्या अर्जाला एक पत्रव्यवहारही टाचलेला होता. त्या माणसाने तेव्हा लिहून विचारले होते की आपला अनुभव कसा कमी भरला. प्रभारींनी त्याला चार पानांचे उत्तर पाठवले होते, परिच्छेदांना क्रमांक देऊन. तिसऱ्या परिच्छेदात वाक्य होते: 'आपली गणना स्मरणावर आधारलेली असून आमची यंत्राधिष्ठित आहे.' प्रभारींनी ते दोनदा वाचले. वाक्यरचनेत कुठेही खोट नव्हती. या माणसाला तेव्हा आत घेतले असते, तर चार वर्षांपूर्वीच ते मोकळे झाले असते, बायकोच्याच गाडीने गेले असते.

मग त्यांनी आजच्या फेरीचे अर्ज मागितले. तीन निघाले. आणि आज निवडलेल्या बाई पात्र ठरल्या, त्या केवळ वडिलांच्या आजारपणात कंपनी आणि कॉलेज यांच्यामध्ये सात महिने घरी बसल्या म्हणून.

कुलसचिव मॅडमनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी नियमांचे पुस्तक न उघडताच नियम सांगितला, कारण तो त्यांना पाठ होता. छाननीतला दोष नियुक्तीचा आदेश निघण्यापूर्वी नोंदला गेला, तर फेरी स्थगित होऊन चौकशी बसते. आदेशानंतर नोंदला गेला, तर चौकशी स्वतंत्र चालते आणि नियुक्ती कायम राहते.

"आज मंगळवार," मॅडम म्हणाल्या. "ऑर्डर गुरुवारी जाईल. शुक्रवारी लिहा की तुम्ही. त्या सात जणांना न्याय तेव्हाही मिळेल. मी तुम्हाला लपवा म्हणत नाहीये."

लपवा म्हणत नव्हत्या, हे खरेच होते. खिडकीशी उभे राहून प्रभारी स्वतःशीच वाद घालू लागले, आणि सहा वर्षांत प्रथमच आपल्याच बाजूने. शुक्रवार हा अन्याय नव्हता, क्रम होता. बाई सर्वार्थाने योग्य होत्या. आपल्या चुकीची शिक्षा त्यांना का? सात माणसांनी इतकी वर्षे वाट पाहिली, तीन दिवस आणखी. विभागाला प्रमुख मिळेल, विद्यार्थ्यांना शिक्षक, बायकोला नवरा. मुद्दे इतके सुरेख जुळत गेले की दुसऱ्या कोणी मांडले असते तर त्यांनी दाद दिली असती. अडत होते ते एकाच ठिकाणी. आजच्या फेरीतल्या तिघांना या खोलीचे दार कोणी दाखवलेच नव्हते. आदेश गुरुवारी निघाला की त्यांची खुर्ची कायमची भरली जाणार होती, आणि शुक्रवारी त्यांच्या हाती न्यायाचा नुसता कागद पडणार होता.

शिवाय दोष आज सापडला होता. दोन घटनांच्या मध्ये एखादा सोयीचा दिवस सरकवायचा की नाही, एवढाच हा प्रश्न होता. आणि दहा माणसे याच एका दिवसापायी बाहेर राहिली होती.

त्यांनी टेबलाशी बसून टिपण लिहिले. सव्वा पान झाले. त्यांच्या मानाने ते चिठ्ठीच म्हणायचे. खाली सही केली आणि मंगळवारची तारीख घातली.

मॅडमनी टिपण वाचले, पावतीचा शिक्का मारला आणि थोड्या थकलेल्या आवाजात सांगितले की चौकशी समितीचा सदस्य सचिव नियमानुसार त्या त्या विभागाचा प्रमुख असतो. मुदत वर्षभराची असते. सहसा वाढवून मिळते. हमीपत्र अर्थात कायम राहील.

"शब्द तुमचेच आहेत," त्या म्हणाल्या. ते टोचून नव्हते, म्हणून अधिक लागले.

निवडल्या गेल्याची कुणकुण लागलेल्या बाई बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रभारींनी शिपायामार्फत निरोप पाठवला नाही; स्वतः जाऊन समोर उभे राहिले आणि सगळे सांगितले.

"ते मुक्कामाचं?" त्यांनी विचारले.

"हो. चालू होतं ते. इथंच."

"मला वाटलंच. त्या जावयावर तुम्ही सोडून सगळे हसले होते." त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "माझं नुकसान केलंत, सर."

"हो."

"मी घरी फोन करून सांगून बसले होते." त्यांनी पर्सची चेन ओढली आणि उठल्या. "पुन्हा जाहिरात आली तर बघेन. अर्ज करीनच असं नाही. आणि तो प्रोग्राम दुसऱ्या कोणालातरी तपासायला द्या. ज्याचा त्यानंच तपासायचा नसतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतो आपण."

प्रभारी आपल्या खोलीत आले. पितळेच्या पाटीवर दुपारचे ऊन पडले होते, तिने डोळे दिपत होते. बायकोने ग्रंथालयातल्या जेवणाच्या सुट्टीतून फोन केला. मुलाखती संपण्याची वेळ तिने मनात धरून ठेवलेली होती. त्यांनी तिला सांगितले.

"तारीख आजचीच घातलीस ना?" शेवटी तिने विचारले.

"आजचीच."

"मला माहीत होतं. शुक्रवारची घातली असतीस, तर इथं येऊन रोज संध्याकाळी मला ती कशी बरोबर होती ते पटवत बसला असतास." पलीकडे डब्याचे झाकण लागल्याचा आवाज आला. "मी प्राचार्यांना सांगते. ते बिचारे दोन वर्षं विचारतायत. उगाच पहिल्या तारखेपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं."

"टेबल?"

"टेबल खिडकीशीच राहील. दुसरं कोणीतरी बसेल." मग ती हळूच म्हणाली, "जेवून घे, प्रभारी," आणि फोन ठेवला.

डबा त्यांनी उघडला नाही. खिशातले प्राचार्यांचे पत्र काढून फायलीत लावले, त्यावर पृष्ठक्रमांक घातला. भाऊसाहेब दहा अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवून गेले. सगळ्यांत वर त्यांनी दुसऱ्या फेरीतला तो अर्ज ठेवला होता. या माणसांना पत्र पाठवावे असे नियम सांगत होता, चौकशीचा निकाल लागल्यावर. प्रभारींनी पत्राचा मसुदा मनात जुळवायला घेतला, पहिला परिच्छेद झाला, दुसऱ्याला क्रमांक पडला, आणि त्यांनी तो सोडून दिला. अर्जावरचा नंबर त्यांनी फिरवला. नंबर अजून चालू होता.

"मी सॉफ्टवेअर अभियांत्रिकी विभागातून बोलतोय," ते म्हणाले. "प्रभारी विभागप्रमुख."

पलीकडे वर्ग सुटल्याचा गलबला ऐकू येत होता. तो माणूस कुठेतरी शिकवत होता. त्याने गर्दीतून बाजूला होण्याइतका वेळ घेतला.

"अजून तुम्हीच?" त्याने विचारले.

"हो," प्रभारी म्हणाले. "त्याचंच कारण सांगायला फोन केलाय. तुमचा हिशेब बरोबर होता."